काटेरी कोळी ओळखावा कसा: जाळ्यापासून नावापर्यंतचा क्रम

पावसाळा सरत आला की नागपूरच्या निसर्गप्रेमींच्या गटांवर एकाच तऱ्हेचा फोटो पुन्हा पुन्हा येऊ लागतो. टिकलीएवढा, रंगीत, कडक पाठीचा आणि कडेने काटे फुटलेला कोळी, आणि खाली प्रश्न: "हा कोणता?" काही मिनिटांत उत्तर येते आणि ते बहुधा चुकीचे असते. फोटो एकच असतो, तो पाठीचाच असतो आणि ज्या खुणांवर ओळख ठरते त्यांपैकी निम्म्या खुणा त्यात आलेल्याच नसतात, म्हणून उत्तर चुकते. फोटो पाहून ओळख सांगणारे मोबाईलमधील ॲपही येथे वारंवार फसते. ते 'गॅस्टेराकँथा कॅन्क्रिफॉर्मिस' असे नाव सुचवते आणि आपण ते नोंदवहीत उतरवून मोकळे होतो. तो कोळी अमेरिका खंडांतला आहे; नागपूरच्या सागवनात तो भेटायचे कारण नाही.

या लेखातील सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे: काटे, उदराचा तळ, जाळे आणि ठिकाण या चार गोष्टी जुळल्यावरच नावाकडे जावे आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. क्रम उलटा झाला की चूक ठरलेली.

## १. बाहेर पडण्यापूर्वी

सामान थोडे लागते, पण त्यातली प्रत्येक वस्तू लागतेच. मोबाईल, त्यावर बसणारी क्लिपची मॅक्रो लेन्स, १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, लहान टॉर्च, बटर पेपरचा तुकडा, वही, पेन्सिल आणि काळी छत्री. छत्री पावसासाठी असतेच, पण तिचा खरा उपयोग जाळ्यामागे धरण्यासाठी होतो. मागे हिरवी पाने असली की मोबाईलचा फोकस पानांवर जातो आणि कोळी धूसर होतो. मागे काळे कापड आले की जाळ्याचा प्रत्येक धागा उठून दिसतो. छत्री धरायला सोबत एक माणूस असावा.

बटर पेपर फ्लॅशवर चिकटवावा. या कोळ्याची पाठ लाखेसारखी चकाकते आणि उघड्या फ्लॅशने तिच्यावर पांढरा डाग पडतो. तो डाग नेमका त्या खड्ड्यांवर पडतो, जे पुढे मोजायचे असतात.

वेळ सकाळची घ्यावी. वारा पडलेला असतो आणि ऊन तिरके असते. ऋतू म्हणाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने शोधाला सोयीचे, कारण पावसात वाढलेल्या माद्या तोवर पूर्ण वाढीला येतात आणि त्यांचे काटेही पूर्ण झालेले असतात. सेमिनरी हिल्सची झाडी, अंबाझरी जैवविविधता उद्यान, गोरेवाड्याच्या आसपासच्या पायवाटा अशा पायी फिरता येणाऱ्या जागा निवडाव्यात. पेंच किंवा बोर व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाडीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे तिथे हा क्रम पुरा होत नाही. तिथल्या फोटोवर फार तर गटाचे नाव सांगता येईल.

इशारा: कोळी डबीत भरून घरी आणू नये. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणताही जीव उचलणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ओळखीसाठी लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या खुणा जाळ्यातच पाहता येतात.

## २. आधी जाळे पाहावे

घाईचा माणूस कोळी दिसला की थेट पाठीचा फोटो काढायला जवळ जातो. जाता जाता जाळ्याचा आधाराचा धागा त्याच्या खांद्याला लागून तुटतो, कोळी फांदीकडे पळतो आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. म्हणून दोन मीटरवरच थांबावे आणि आधी धागे कुठून कुठे गेले आहेत ते शोधावे. या कोळ्याचे जाळे चाकासारखे गोल, उभे किंवा जरासे कललेले असते आणि दोन झुडपांमधल्या मोकळ्या जागेत, बहुधा छातीपासून डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर ताणलेले असते. त्याला तोलून धरणारे लांब धागे कधी कधी पायवाट ओलांडून पलीकडच्या सागापर्यंत गेलेले असतात.

या धाग्यांवर एक ठळक खूण असते. लांब आधारधाग्यांवर आणि काही आऱ्यांवर, ठरावीक अंतराने, कापसाच्या बारीक बोंडासारखे पांढरे पुंजके दिसतात. अंबाझरीत एका सकाळी मी घाणेरीच्या झुडपाजवळ उभा होतो. तिला आपल्याकडे रायमुनियाही म्हणतात. कोळी अजून दिसलेला नव्हता, पण हवेत एका सरळ रेषेत सात-आठ पांढरे ठिपके तरंगत होते. छत्री मागे धरल्यावर त्या ठिपक्यांना जोडणारा धागा दिसला आणि धाग्याच्या मागे मागे नजर नेल्यावर जाळ्याच्या मध्यावर तो बसलेला दिसला, उघड्यावर आणि भर उजेडात. दिवसा मध्यावर उघडा बसणे हीसुद्धा त्याची एक खूणच आहे.

जाळ्याचा पूर्ण फोटो आधी घ्यावा, मग एका पुंजक्याचा जवळून. जमिनीपासूनची उंची, कोणत्या दोन झाडांमध्ये जाळे आहे आणि जाळे उभे आहे की कललेले, हे तिथल्या तिथे वहीत लिहावे. घरी आल्यावर उंची आठवत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे.

इशारा: धागे उठून दिसावेत म्हणून काही जण जाळ्यावर पीठ उधळतात किंवा पाण्याचा फवारा मारतात. असे करू नये. जाळे निकामी होते आणि कोळ्याला ते नव्याने विणावे लागते. काळ्या छत्रीने तेच काम होते.

## ३. चार फोटो, याच क्रमाने

पहिला, पाठ. मोबाईल जाळ्याच्या पातळीला समांतर धरावा. तिरका धरला तर एका बाजूचे काटे लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड दिसतात, आणि काट्यांची लांबी ही तर आपली मुख्य खूण आहे. स्क्रीनवर कोळ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस बांधला जातो. त्यानंतर मोबाईलच थोडा पुढेमागे करून कोळी स्पष्ट करावा.

दुसरा, तळ. बहुतेकांकडे हाच नसतो, आणि त्यासाठी कोळ्याला हात लावायची गरजही नसते. कोळी जाळ्याच्या एका बाजूला बसतो. पाठ एकीकडून दिसते आणि पोट पलीकडून, जाळ्याच्या आरपार. म्हणून पायवाटेने लांबचा वळसा घेऊन जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जावे. मधल्या आधारधाग्यांखालून वाकून जाण्याचा मोह टाळावा. तळाचा फोटो सावलीत येतो, म्हणून सोबत्याने टॉर्चचा उजेड बाजूने पाडावा.

तिसरा, बाजूचा. यात काट्यांचा कल कळतो. पाठीच्या फोटोत आखूड वाटणारा काटा प्रत्यक्षात वर उभा असू शकतो आणि वरून पाहताना त्याची खरी लांबी लपते.

चौथा, समोरचा. डोके आणि डोळे दाखवणारा. हा प्रत्येक वेळी साधत नाही आणि साधला नाही तर अडून बसू नये.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी चारही फोटो मोठे करून पाहावेत. पाठीच्या फोटोत सर्व काट्यांची टोके स्पष्ट आहेत का? तळाच्या फोटोत धागा जिथून निघतो ती जागा दिसते का? एकाचेही उत्तर नाही असेल तर पुन्हा काढावा. कोळी तिथेच आहे, आपण निघून गेल्यावर मात्र तो सापडेलच असे नाही.

## ४. मोजमाप

पट्टी कोळ्याशेजारी धरायचा प्रयत्न केला की जाळे तुटते. त्याऐवजी पाठीचा फोटो काढल्यानंतर बांधलेला फोकस आणि झूम तसेच ठेवावे, मोबाईल बाजूला न्यावा आणि पट्टी समोर धरून तिच्यावरचे आकडे स्पष्ट होईपर्यंत पुढेमागे करावे. ती स्पष्ट झाली म्हणजे ती कोळ्याइतक्याच अंतरावर आली. आता तिचा फोटो घ्यावा. समजा पट्टीवरचे १० मिलिमीटर फोटोत १६०० पिक्सेल भरले आणि कोळ्याचे उदर १२०० पिक्सेल भरले, तर उदराची रुंदी ७.५ मिलिमीटर झाली.

दोन रुंद्या वेगवेगळ्या लिहाव्यात: काट्यांसकट आणि काट्यांशिवाय. "कोळी एक सेंटीमीटरचा होता" अशा नोंदीत काटे धरले की नाही हे कळत नाही, मग ती नोंद असून नसल्यासारखीच.

## ५. हा काटेरी कोळीच आहे ना?

काटेरी कोळी चक्राकार जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या 'ॲरॅनिडी' कुळातला आहे. या कुळात उदरावर उंचवटे, टोके आणि खांदे असलेले कोळी पुष्कळ आहेत, म्हणून जातीचा विचार करण्याआधी पुढील तीन खुणा पूर्ण व्हायला हव्यात.

एक, उदराची पाठ कडक, सपाटशी आणि लांबीपेक्षा रुंद असते आणि तिच्यावर ठशासारखे गडद खड्डे असतात. आतले स्नायू जिथे कवचाला चिकटतात त्या या जागा. पुढच्या कडेला एक ओळ, मागच्या कडेला एक ओळ आणि मधोमध चार, अशी त्यांची मांडणी साधारणपणे दिसते. कडकपणा पाहण्यासाठी काडीने टोचू नये. खड्डे आणि चकाकी दिसली की पुरे.

दोन, उदराच्या कडेला काट्यांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा काटे.

तीन, तळाच्या फोटोत धागा निघण्याच्या जागेभोवती जाड, कडक कडे दिसते. अंगठीत खडा बसवण्यासाठी कोंदण असते तसे ते दिसते. मी ते पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा भिंगातून बराच वेळ पाहत राहिलो, कारण पाठीवरच्या सगळ्या रंगकामापेक्षा ही लहानशी कडी अधिक खात्रीची होती: ती रंगाप्रमाणे फसवत नाही.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते कोळी. खांद्यावर फक्त दोन टोके असलेला, मातकट तपकिरी, मऊ पाठीचा मोठा कोळी 'पॅरावायक्सिया डेहानी' असू शकतो. त्याला सहा काटे नसतात. उदराच्या कडा पाकळ्यांसारख्या, पुढचा भाग चंदेरी आणि पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखे पसरलेले असतील तर तो 'आर्गिओपी', ज्याला आपण सिग्नेचर कोळी म्हणतो. जाळे आडवे, बारीक विणीचे आणि तंबूसारखे असेल तर तो 'सर्टोफोरा'. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा, रुंद पण बिनकाट्यांचा कोळी दिवसा पानाखाली बसलेला सापडला तर तो 'सर्टाराक्ने'. यांपैकी कुणाचीही पाठ दुरून आणि घाईत पाहिली तर काटेरी वाटते.

## ६. काटे वाचणे

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्यातली एक चूक इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा.

कोळी जाळ्यात डोके खाली करून लटकतो. फोटो आपण जसा काढला तसाच पाहतो, त्यामुळे फोटोत वर दिसणारे काटे आपण पुढचे समजतो, आणि ते असतात मागचे. मी स्वतः एक पूर्ण मोसम हीच चूक केली आणि नंतर सगळ्या नोंदी काढून पुन्हा लिहिल्या. म्हणून काटे मोजण्यापूर्वी फोटो फिरवून डोके वर आणावे. डोके शोधणे या कोळ्यात जरा कठीण जाते, कारण शिरोवक्षाचा, म्हणजे डोके व छाती मिळून झालेल्या पुढच्या अंगाचा, बराचसा भाग उदराच्या पुढच्या कडेखाली झाकलेला असतो. पाय जिथून फुटतात ती बाजू शोधावी, तीच पुढची.

तपासणी: फिरवलेल्या फोटोवर पुढची, मधली आणि मागची अशा तीन जोड्यांना १, २, ३ असे आकडे घालावेत. मागची जोडी उदराच्या मागच्या कडेला असते आणि मधली कुशीला. हे जुळत नसेल तर फोटो अजून उलटाच आहे.

यानंतर प्रत्येक जोडीविषयी तीन गोष्टी लिहाव्यात. मधल्या काट्याची लांबी उदराच्या रुंदीच्या तुलनेत किती? काटा टोकदार आहे, बोथट आहे की नुसताच स्तनाग्रासारखा उंचवटा आहे? आणि तो सरळ बाहेर जातो, मागे कलतो की शिंगासारखा वळतो? बहुतेक जातींत मधली जोडी इतर दोन जोड्यांहून मोठी असते, त्यामुळे "मधला काटा मोठा आहे" एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. किती मोठा, हे सांगावे लागते.

वयाचाही विचार करावा. लहान वयाच्या मादीचे काटे आखूड असतात आणि रंगही वेगळा असतो. प्रत्येक कात टाकल्यावर रूप बदलते. पूर्ण वाढलेल्या मादीच्या उदराच्या तळाशी, पुढच्या भागात, मध्यावर एक गडद आणि कडक जननरचना दिसते. ती दिसत नसेल तर कोळी अजून लहान असण्याची शक्यता धरावी आणि काट्यांच्या आखूडपणावरून जात ठरवू नये.

नर तर पुष्कळदा नजरेतूनच सुटतो. तो मादीच्या मानाने फारच लहान, दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या उदरावर मादीसारखे लांब काटे नसतात. जाळ्याच्या कडेच्या धाग्यावर एखादा बारीक, गडद कोळी लटकलेला दिसला तर त्याचाही फोटो घ्यावा, पण नाव मादीवरूनच ठरवावे.

## ७. आता जातीकडे

भारतात आढळणाऱ्या ज्या जाती विदर्भातल्या निरीक्षकाने समोर ठेवाव्यात त्या अशा.

'गॅस्टेराकँथा जेमिनाटा' ही भारत आणि श्रीलंका येथील जात. हिच्या पाठीवर पिवळट किंवा पांढरे आणि काळपट असे आडवे पट्टे असतात आणि मधले काटे दणकट व ठळक असतात. पट्टे आडवे आहेत, म्हणजे एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत जाणारे आहेत, याची खात्री करावी. सुटे ठिपके एका ओळीत आले की घाईत तेही पट्टे वाटतात.

'हॅसेल्टी' ही जात जुन्या पुस्तकांत 'गॅस्टेराकँथा' या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, सापडेल. नव्या वर्गीकरणात ती 'मॅक्राकँथा' प्रजातीत गेली आहे. त्यामुळे दोन ठिकाणी दोन नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये, कोळी तोच आहे. पाठ नारिंगी-पिवळ्या ते लालसर छटेची, तिच्यावर काळे खड्डे अगदी उठून दिसणारे आणि मधले काटे लांब.

'गॅस्टेराकँथा कुहली' पांढऱ्या-काळ्या पाठीची, काळे डाग असलेली आणि तुलनेने आखूड काट्यांची. पांढऱ्या पट्ट्यांच्या जेमिनाटाशी हिची गल्लत होते, आणि ती रंगावरून सुटत नाही. मधल्या काट्याची लांबी आणि पट्टे सलग आहेत की तुटक, यांवरून सुटते.

'थेलाकँथा ब्रेव्हिस्पायना' ही वेगळ्याच प्रजातीतली. हिचे काटे म्हणजे आखूड, जाड बुडाचे उंचवटे. तपकिरी-पांढऱ्या अंगाने ती वाळक्या गाठीसारखी दिसते. पूर्ण वाढीची मादी आहे याची खूण पटल्याशिवाय हे नाव लिहू नये, कारण इतर जातींची पिल्ले तिच्यासारखीच आखूड काट्यांची दिसतात.

मधले काटे म्हशीच्या शिंगांसारखे वळलेले आणि अंगाच्या रुंदीच्या कितीतरी पट लांब असतील, तर ते चित्र 'मॅक्राकँथा आर्कुआटा'चे आहे. ती दमट जंगलांतली जात. नागपूरच्या कोरड्या पानझडी रानात असे काही दिसले तर आधी फोटो तिरका आला आहे का ते तपासावे आणि मग जाणकाराला दाखवावे.

इशारा: ॲपने दिलेले नाव ही सुरुवातीची सूचना समजावी. ते नाव ज्या जातीचे आहे ती जात आशियात आढळते का, हे पहिल्यांदा पाहावे. या एका प्रश्नावर 'कॅन्क्रिफॉर्मिस' गळते आणि 'मायक्राथिना' ही अमेरिकेतली काटेरी प्रजातीही गळते.

तळाचा फोटो नसेल, काट्यांची टोके स्पष्ट नसतील किंवा वय ठरत नसेल, तर "गॅस्टेराकँथा, जात अनिश्चित" असेच लिहावे. अशी नोंद अपुरी असली तरी खरी असते. चुकीच्या नावाची नोंद मात्र पुढे दुसऱ्याच्या यादीत जाते, तिथून तिसऱ्याच्या, आणि काही वर्षांनी ती मागे घेणे कुणालाच शक्य राहत नाही.

## ८. नोंद आणि पाठवणी

नोंदीत तारीख, वेळ, नेमके ठिकाण, भोवतालची झाडी, जाळ्याची उंची व कल, पुंजके होते की नव्हते, दोन्ही रुंद्या, काट्यांचे वर्णन आणि शेवटी रंग, एवढे असावे. "नागपूर" एवढेच ठिकाण पुरत नाही. "सेमिनरी हिल्स, पायवाटेच्या कडेला, साग आणि घाणेरीच्या मधे" असे लिहिले तर कुणीही तिथे जाऊन पाहू शकतो.

जाणकाराला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोप्रमाणे टाकू नयेत. तसे केले की फोटो दाबला जातो, काट्यांची टोके विरघळतात आणि फोटोसोबतची ठिकाणाची माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, चारही एकत्र आणि न कापता. रंग खुलवणारे फिल्टर लावलेले फोटो पाठवू नयेत, कारण पिवळ्याचा नारिंगी झाला की जेमिनाटाची हॅसेल्टी व्हायला वेळ लागत नाही.

कोळी विषारी आहे का, हा प्रश्न हमखास येतो. हा कोळी माणसाला धोकादायक मानला जात नाही आणि छेडल्याशिवाय चावायलाही येत नाही. तरीही त्याला तळहातावर घेऊन फोटो काढू नये. हातावरच्या कोळ्याचे पाय आक्रसलेले असतात, जाळे नसते आणि आपल्याला हव्या असलेल्या चार गोष्टींपैकी एक हातातून गेलेली असते.

कोळी लहान वयाचा ठरला असेल तर जागा वहीत खुणेसह लिहून ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी त्याच पायवाटेने पुन्हा जावे. जाळे त्याच दोन झुडपांच्या आसपास सापडले तर पुन्हा चार फोटो घ्यावेत आणि नव्या नोंदीवर जुन्या नोंदीची तारीख घालावी.